चौथी घडी

माझ्या धुलाईयंत्राचं अपडेट चाललं होतं.
मंगळवारी ते सत्तावीस टक्क्यांवर बसलं ते बसलंच.
आत माझे पडदे, बाहेर मी,
आणि काचेवर हिरवी अक्षरं: कृपया धीर धरा.
गुरुवारी धीर संपला, आणि टॉवेलही.
बादली घेऊन पोर्तूच्या पायऱ्या उतरले
दोव्रू नदीच्या अंगाला,
जिथे दगडी हौदांवर बायका अजून हातानं धुतात,
आणि येणाऱ्याजाणाऱ्याला तोंडानं.

खिडकीत रेडिओ, अँटेनाच्या जागी तारेचा हँगर.
बातमी देणाऱ्याला अगदी भरून आलं होतं:
नवा फोन आलाय! त्याची तिहेरी घडी होते!

हौदावरचे हात थांबले.
"होते म्हणजे?" देओलिंदा म्हणाली,
एकेचाळीस वर्षं हॉटेलांच्या चादरी धुतलेली बाई.
"घडी होत नसते. घालावी लागते.
माझ्या संसाराची घडी बसायला वीस वर्षं गेली,
आणि यांची म्हणे खिशात बसते."

रेडिओनं किंमत सांगितली.
ग्रासिएतच्या हातातला साबण सुळकन निसटून
शेजारच्या हौदात गेला. कुणी हसलं नाही.
"एवढ्यात माझं छप्पर होईल," ती म्हणाली,
"आणि ते कुणी दुमडायला सांगणार नाही."

अदोझिंदाला डाव्या कानानं ऐकू येत नाही.
"कोण गेलं?"
"कुणी नाही गं. फोनला घड्या पडतात आता."
"मग इस्त्री फिरवा की."

पुढची बातमी: धुणं झालं की मालकिणीला
निरोप धाडणारं यंत्र.
"झालं, एवढं म्हणतं?" अदोझिंदानं विचारलं.
हे मात्र तिला बरोबर ऐकू आलं.
"माझा नवरा छत्तीस वर्षं पानावरून उठला,
झालं म्हणून एकदा नाही बोलला."
मी माझ्या पडद्यांविषयी गप्प राहिले.

तेवढ्यात बेल्मिरो आला, ट्राम हाकून निवृत्त झालेला,
भाच्याच्या दुकानातला तोच फोन
रुमालात गुंडाळून, देव मिरवणुकीत न्यावा तसा.
"फक्त दाखवायला दिलाय. बघा. हात नका लावू."
एक उघडला, दोन उघडला, तीन.
"वर्तमानपत्राएवढा झाला की नाही?"
"मग वर्तमानपत्रच घे," ग्रासिएत म्हणाली,
"त्यात सार्डिन तरी बांधता येतात."

देओलिंदानं मात्र हात पुसले,
एप्रनला, दोन्ही बाजूंनी, सावकाश,
आणि तो मागितला.
न देण्याची त्याची काय बिशाद!
तळव्यावर घेऊन तोलला. काठ चाचपले.
"कापड बरं आहे," म्हणाली.
टोकाला टोक, एक.
टोकाला टोक, दोन. तीन.
इथे थांबायचं होतं.
पण एकेचाळीस वर्षं का कुणाचं ऐकतात?
बोटं पुढे गेली.

कट्.
वाटाण्याची शेंग मोडावी, एवढाच आवाज.
मग दचकून सुटलेला तो फोन
निळीच्या पाण्यात, डुबुक.

बेल्मिरोनं क्रूस केला. "तीन," तो म्हणाला.
"तीनच घड्या म्हणाले होते, देओलिंदा. तीन."
"चौथीशिवाय कपाटात बसत नाही,"
ती इतकंच म्हणाली, आणि कोपरापर्यंत हात घालून
गाळातून त्याला वर काढलं. आधी साबण वर आला.

आता तो तारेवर आहे,
दोन चिमट्यांत, अदोझिंदाच्या परकराशेजारी.
खाली बेल्मिरो टोपी काढून बसलाय,
थेंब मोजतोय, भाच्याला काय सांगायचं ते जुळवतोय.
आणि अर्ध्या मोडक्या काचेत कुठून जीव आला कोण जाणे,
फोन वाजला.

ग्रासिएतनं काठीनं तार खाली ओढली,
परकर बाजूला सारला,
आणि पलीकडच्या तीरापर्यंत जाईल अशा आवाजात ओरडली:
"अजून ओला आहे!
वाळला की करा!"