कैफियत, तिसरी दुरुस्ती

पहिली दुरुस्ती लाल, दुसरी हिरवी,
तिसरी जांभळी. इथल्या कोर्टाचा जुना रिवाज.
खोडलेलं पुसायचं नाही, मधून रेघ ओढायची,
म्हणजे आधी तुम्ही काय म्हणत होतात
तेही न्यायाधीशांना वाचता येतं.

बाहेर फेटर लेन, चारलाच दिवे लागलेले.
एलेरी प्रॉसर, आमची बॅरिस्टर, बूट काढून
टेबलाखाली पाय चोळत म्हणते,
"परिच्छेद चौदा. 'तात्काळ' काढ, 'वाजवी मुदतीत' घाल."
मी काढते. मी घालते.
'तात्काळ'च्या पोटातून रेघ जाते.

भांडण तसं साधं. ग्रिम्सबीत माशांचं शीतगृह जळालं,
विमा कंपनीने पैसे मोजले.
तिनेही स्वतःचा विमा उतरवला होता, विम्याचा विमा,
त्या वरच्या मंडळींनी हात वर केले:
बहात्तर तासांत कळवायचं होतं, कळवलं नाहीत.
एक्केचाळीस दशलक्ष पौंड,
आणि घड्याळ नेमकं कधी सुरू झालं
एवढ्याचाच तीन वर्षं कीस.

मूळ मसुद्यात एक वाक्य होतं:
'रात्रपाळीचा पहारेकरी रॉय स्टबिंग्ज आत होता.'
लाल दुरुस्तीत ते गेलं.
माणसाचा दावा वेगळा, वेगळ्या कोर्टात, केव्हाच मिटलेला.
समासात शेरा: अप्रस्तुत.
हिरव्याच्या वेळी तिकडे कुणी पाहिलंही नाही.

आज तो परत आला.
टेलिफोन कंपनीची यादी हाती लागली आहे.
पहाटे तीन दहा, स्टबिंग्जचा फोन
अग्निशामक दलाला. मालकाला नव्हे.
म्हणजे कंपनीला तेव्हा ठाऊक नव्हतं,
म्हणजे घड्याळ बंदच होतं.
एलेरी अनवाणी उभी राहते:
"घे त्याला आत."

आत.
मी काही बोलत नाही. जांभळ्यात टाइप करते,
'सदर स्टबिंग्ज यांनी' इथपासून.
फोन एकोणीस सेकंदांचा. त्यात तो काय म्हणाला
ते आपल्या मुद्द्याचं नाही,
सबब लिहायचं नाही.

त्याच पानावर, चार ओळी वर,
लाल रेघेतून तो अजून वाचता येतो.

शेवटी सत्यप्रतिज्ञा: वरील मजकूर खरा आहे
असे मी मानतो. सही संचालक उद्या करतील.
दुरुस्तीचा खर्च आपल्याच माथी.
एलेरी टेबलाखाली वाकून बूट शोधते.
एक सापडतो.