डाव्या कुशीवर

आवाज फार मोठा नव्हता.
ओल्या वाळूत नारळ पडावा, तेवढाच.
मी खवणेकरांच्या पडवीत पावती काढत होतो.
वळून पाहिलं, तर सर्जेकोटच्या जेटीपाशी
जिथं डांबर संपून वाळू सुरू होते
नेमकी त्या सांध्यावर
माझी गाडी डाव्या कुशीवर निजलेली,
हँडल मुरगळलेलं,
झोपेत मान अवघडते तसं.

पहिल्यांदा मी गाडीकडे नाही पाहिलं.
कुणी पाहिलं का, ते पाहिलं.

लिलाव उरकलेला. बर्फाचा टेम्पो गेलेला.
जाळं सांधत बसलेले दोघं,
त्यांनी माना खाली घातल्या,
म्हणजे पाहिलं होतं.

स्टँडनं वाळूत भोक पाडलेलं, बोटभर खोल.
टाकीच्या झाकणातून पेट्रोल थेंब थेंब,
आणि वाळू ते पीत होती
काहीच न बोलता.

अकरा वर्षं या गाडीवर पिग्मी गोळा करतोय.
वीस, तीस, बंदीच्या दिवसांत दहाच.
रेवंडी, कोळंब, इथून पुढं तळाशील,
आणि मला ठाऊक नव्हतं ती किती जड आहे.

हँडल धरलं. दात आवळले.
कमरेतून काहीतरी कडकडलं,
आणि एवढ्या जोरानं ओढली की ती उठली,
सरळ झाली,
एक क्षण अगदी गुणी पोरासारखी उभी राहिली,
आणि गेली पलीकडे.
उजव्या कुशीवर.

आता आरसाही गेला.
आता त्या दोघांना हसू आवरेना.

जयवंती आडकर तेवढ्यात पाटी रिकामी करून आल्या.
खाते क्रमांक दोनशे सतरा, रोजचे तीस.
"खंय लागला नाय मां?"
मी म्हटलं, क्लचचं टोक तुटलंय, आरसा—
"गाडयेचा नाय, तुमचा इचारतंय."

मग पाटी खाली ठेवली,
पदर खोचला.
"आधी पेट्रोल बंद करा.
आता गिअरात घाला.
आता तिचो पाय भायर काढा,
नायतर परत पलीकडे जायत."
मी काढला पाय.
"आता पाठ करा तिका."
मी तिच्याकडे पाहतच राहिलो.
"व्हडी काय आमी तोंड करून लोटतंव?
बसा खाली. कमरेन नाय, पायांनी उठा."

सीटला पाठ टेकून मी उकिडवा बसलो,
समोर समुद्र, ओहोटीचा, मळकट,
एक हात हँडलला, एक मागच्या कॅरिअरला,
आणि इवली इवली पावलं टाकत
मागं मागं सरकत गेलो.
त्यांनी नुसता तळवा लावला होता टाकीला.
गाडी उभी राहिली
जणू तिचाच विचार होता तो.

"झिलाची रोज पडा," त्या म्हणाल्या,
"आता तो गोव्याक. गाडी खळ्यात.
आता पडना नाय."

किक मारली. नाही.
परत मारली. नाही.
"ऱ्हवा जरा. तिकाव धाप लागली आसतली."
तेवढ्या वेळात तीस रुपये मोजून दिले,
तीनही नोटा ओल्या.
यंत्रानं वाळू चावत पावती छापली.
त्यांनी आकडा डोळ्यांजवळ नेऊन वाचला,
नेहमी वाचतात तसा,
मदत वेगळी, हिशोब वेगळा.

निघताना एक लाकडाचा ढलपा आणून दिला,
होड्यांखाली घालतात त्यातला, तेलकट, काळा,
मध्ये भोक, भोकात तंगूस.
ढलपा स्टँडखाली,
तंगुसाचं टोक हँडलला.
"वाकाक नको. निघताना ओढून घेवा."

सातव्या किकला सुरू झाली.
मी घाईत होतो, म्हणजे लाजेत,
आणि ओढून घ्यायचं विसरलो.

कोळंबच्या पुलापर्यंत
मागे काहीतरी खडखडत येत होतं.
दुकानदार बाहेर येऊन बघत होते,
कुत्री धावत होती,
आणि मला वाटत होतं,
इंजिनातच काही सुटलंय.