थंड इंजिन, अर्धा चोक

जानोरीच्या शेडमधून पहाटे साडेचारला
गुलाबाच्या बावीस पेट्या लादून निघते
आमची पेट्रोलवरची जुनी पिकअप.
निघते म्हणायचं, इतकंच.
चोक पुरता ओढला तरी उचलते, खुरखुरते
आणि जीव सोडते.
फाटकापर्यंत तीनदा.
दहाव्या मैलापर्यंत कितीदा,
ते मोजणं मी सोडून दिलं.

निफाडचा पारा पेपरात छापून येतो,
जानोरीचा कुणी छापत नाही.
बॉनेटवरून बोट फिरवलं
की बोटाला कळतो आकडा.

उपाय सगळ्यांकडे होते.
ओझरचा बॅटरीवाला म्हणाला, बॅटरी. बदलली.
मेव्हण्याने प्लग बदलले, पॉइंट घासले,
पेट्रोलात पाणी आहे म्हणत टाकी उपसली,
तळाशी सापडलं एक जुनं चार आण्याचं नाणं.
चुलत सासरे म्हणाले, बाई चालवते म्हणून बंद पडते.
मी किल्ली दिली.
त्यांच्याही हातात पडली चारदा, भर चौकात.
मग म्हणाले, विकून टाका.

आडगाव नाक्यावर इनायत मिस्त्री.
पहिलं अक्षर अडतं त्याचं,
आणि लोक पुढचं वाक्य
त्याच्या तोंडातून काढून घेतात.
तो मान हलवतो, बरोबर असो वा नसो.
त्या दिवशी म्हणाला, "क... क..."
मी म्हटलं, कार्बोरेटर ना?
त्याने मान हलवली.
कार्बोरेटर उघडला, जेट फुंकले, गास्केट नवं.
पंधरा दिवस गेले, साडेसातशे गेले,
गाडी तशीच.

पुन्हा गेले तेव्हा बोटाने त्याने जमीन दाखवली:
इथेच ठेवा. रात्रभर.
गरम गाडीत थंडीचा आजार दिसत नाही,
हे मला पहाटेच्या पहिल्या एसटीत बसल्यावर कळलं.

बॅटरीचा उजेड, फिल्टर काढून बाजूला,
श्वासाची वाफ त्याची आणि माझी.
नॉब ओढायची खूण केली. मी ओढला, पुरता.
आत चोकची पाकळी
अर्ध्यावरच तिरपी उभी.
त्याने ग्रीसचा तळहात
कार्बोरेटरच्या तोंडावर ठेवला, म्हणाला, "मार."
गाडी उचलली. आणि राहिली.
तळहात तो बोटाबोटाने उचलत गेला,
झोपलेल्या पोराच्या अंगाखालून
हात काढून घ्यावा तसा.

"क... क... के..."
तेच अक्षर, पंधरा दिवसांपूर्वीचं.
केरोसीन? केवढ्याला? ओठांवर आलेलं मी गिळलं.
नाक्यावरून कांद्याचा एक ट्रक गेला, पूर्ण.
"केबल," तो म्हणाला.
"स-सरकलीय. नॉब येतो, प-पाकळी येत नाही."

एक स्क्रू. तीस रुपये.
पैसे घेताना एवढंच बोलला:
"रेस नका देऊ. थ... थांबा."

आता साडेचारला नॉब पुरता ओढते,
किल्ली फिरवते, पाय वर.
ती फ... फ... करते.
मी हँडलवर हात ठेवून बसते,
बगलेत बोटं घालावीशी वाटतात, घालत नाही.
शेडमधली दिवाबत्ती करणारी चंद्रभागा
ओरडते, अहो, दाबा की जरा!
मी दाबत नाही.

दहाव्या मैलाला चोक अर्धा आत.
आडगावला पुरता.
नाक्यावर त्याचं शटर अजून खाली असतं,
मी एकदा हॉर्न देते, छोटा.
गणेशवाडीच्या फूलबाजारात पेट्या उतरतात तेव्हा
इंजिन तापलेलं असतं,
कळ्या मात्र अजून मिटलेल्या.