उभी असताना की पळताना

उभी असताना तापते, की पळताना?
बशीतला शेवटचा घोट ओढत
अत्तारांनी एवढंच विचारलं.
बॉनेटकडे पाहिलंसुद्धा नाही.

उभी असताना, मी म्हणाले.
आधी नळस्टॉपला, मग डेक्कनला, आणि काल
दांडेकर पुलाच्या सिग्नलला काटा थेट लालात,
बॉनेटच्या फटीतून वाफ,
शेजारचा रिक्षावाला ओरडतोय, मॅडम, पाणी ओता!
मी बाटली काढलीही होती.
"ओतलं नाहीत ना?"
नाही.
"मग वाचलात. गार पाणी, तापलेलं लोखंड…"
पुढचं त्यांनी बोटानं हवेत तडा काढून सांगितलं.

चौदा वर्षांची झेन, राखाडी,
डहाणूकर कॉलनीतल्या देवस्थळीबाईंकडून घेतलेली.
साहेब गेल्यावर दीड वर्ष कव्हरखाली.
एका हातची आहे, जपलेली, असं बाई म्हणाल्या होत्या
आणि ते खरंच होतं. डिकीत सगळी बिलं,
टाचणी टोचून, तारीखवार.

ती निवेपर्यंत आम्ही तासभर बसलो
पर्वतीच्या पायथ्याच्या त्या पत्र्याखाली.
मग चौपदरी फडकं, झाकणाला पाव वळसा,
थांबून, उरलेला.
आत पाणी काताच्या रंगाचं.
"नळाचं घातलंय वर्षानुवर्षं. असू दे."
दुधी निवडावा तसे होज पाईप दाबून पाहिले.
ऑइलची पट्टी उजेडात धरली:
"ताकासारखं दिसलं असतं तर हेड गेलं म्हणायचं.
काळं आहे."
काळ्या रंगाचा मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

मग पंखा. बॅटरीवरून थेट वायर दिली,
तो असा घुमला की जॅकशेजारचं मांजर उठून गेलं.
"पंखा जिवंत आहे.
त्याला कुणी सांगतच नाहीये."

मग सांगणाऱ्याचा शोध.
सेन्सर मेलेला, तोही आजकालचा नव्हे.
आणि तिथून निघालेली एक पिवळी वायर,
कंपनीची नव्हे, घरच्या फिटिंगमधली,
बॅटरीमागून, रबराच्या भोकातून आत,
ड्रायव्हरच्या उजव्या गुडघ्यापाशी,
फ्यूजच्या डब्याआड
टेबललॅम्पचं बटण.
त्यावर नेलपॉलिशचा लाल ठिपका.

दाबलं. पंखा लागला.

बाईंना फोन केला, स्पीकरवर.
"बटण? कसलं बटण?"
मग जरा वेळानं:
"नळस्टॉप आला की ते उजवा हात खाली न्यायचे, गुडघ्याशी.
मी विचारायचे, फार दुखतोय का?
म्हणायचे, थोडा.
दर रविवारी तेल लावून द्यायचे मी. निर्गुडीचं.
नऊ वर्षं."
अत्तार पाना पुसत राहिले, पुसून झालेलाच.
नेलपॉलिश कुणाचं ते विचारायचं राहिलं.

नाना पेठेतून पोरगा सेन्सर घेऊन आला,
तीनशे ऐंशी, वर त्याचा चहा.
तीनदा पाणी बदललं, तिसऱ्यांदा त्यातून तळ दिसला.
मग हिरवं कूलंट, झाकण नवं.
पिवळी वायर त्यांनी मला न विचारता ओढून काढली,
वेटोळं करून
बिलांच्या पिशवीत ठेवली.

आठवड्यानं, रात्री, बाईंचा फोन.
मी सिग्नललाच होते, त्र्याऐंशी सेकंद,
काटा अर्ध्याच्या किंचित खाली.
"अहो, त्या बटणाचं डोक्यातून जात नाही.
म्हणजे गुडघा दुखत नव्हताच का त्यांचा?"
तेवढ्यात पुढे पंखा लागला, आपला आपण.
दुखत असेल, मी म्हणाले.
चौथा मजला, लिफ्ट नाही.
"हो, तेही आहे," त्या म्हणाल्या.
पलीकडे कुकरची शिट्टी झाली,
आणि इकडे मागचे सगळे हॉर्न वाजू लागले.