सड्यावरची शिरगणती

नेत्रावळीच्या वर, रस्ता संपून जांभा सुरू होतो तिथे
साठ कप पुरले आम्ही.
प्लास्टिकचे, लग्नात सोलकढी देतात तसले,
काठ जमिनीच्या पातळीत, तळाशी दोन बोटं साबणाचं पाणी.
दोन रात्री थांबायचं. मग पडलं असेल ते मोजायचं.
अशी आमची पद्धत:
जे जगावं म्हणून अहवाल लिहायचा
ते आधी बुडवायचं.

सोयरू वेळीप, वनखात्याचा रोजंदारी वॉचर,
पहिल्या दिवशी काही बोलला नाही.
दुसऱ्या दिवशी एका कपात
काडी सापडली, काठाला टेकवलेली, शिडीसारखी.
मी विचारलं नाही. वहीत लिहिलं:
कप सतरा, वाऱ्याने बिघडला.

फेब्रुवारीत सडा असा दिसतो की कुणीही म्हणावं, पडीक.
वाळकं गवत, तापलेला कातळ,
मधेच एखादा कुंभा, वणव्याने खोड काळं
आणि वर कोवळी लाल पालवी, काही झालंच नाही अशी.
फायलीतही तेच: 'वृक्षविरहित. लागवडीस योग्य.'
खालच्या उतारावर झालीय ती योग्य लागवड,
ऑस्ट्रेलियन बाभळी, कवायतीला उभ्या केल्यासारख्या.
तिथल्या वीस कपांत एकच जात,
पिवळी, लांब पायांची, सतत घाईत.
मोजता मोजता कंटाळा आला.
कंटाळा हाही निष्कर्षच,
पण त्याला तक्ता नसतो.

आणि वरच्या रिकाम्या जागेत
एकोणतीस.

गवताचं बी ओढून नेणारी, बिळाभोवती टरफलांचं कडं,
जणू कालच मळणी झाली.
पोट डोक्यावर उचलून धमकावणारी.
चिमट्यागत जबड्याची, बोट नेलं की चार बोटं उडी.
एक इतकी बारीक की भिंगाखालीही
ती धूळ असल्याचा मला संशय.
आणि ती काळी, खरबरीत, एकटीच फिरणारी,
जी दाराशी पिसं रोवते:
होल्याचं, भारद्वाजाचं, एक चक्क कोंबडीचं.
पहाटे पिसांवर दव धरतं, ते ती पिते.
पाऊस जूनपर्यंत नाही, हे तिला ठाऊक आहे.

"हिच्यात राणी नसते," मी म्हटलं.
"मग चालतं कसं?"
"कामकरणींतलीच एखादी पुढे होते. भांडणं होतात."
"म्हणजे बायलेच्या बचतगटासारखं," सोयरू म्हणाला,
पहिल्यांदाच हसला.

परतताना सातेरीच्या देवळात थांबलो.
पुरुषभर उंच रोयण, हळदकुंकू, ओला झेंडू.
मला राहवलं नाही, शिकलेलं बोलून गेले:
हे मुंग्यांचं काम नव्हे, वाळवीचं.
मुंग्या मागून येतात, कधी भाडेकरू, कधी दरोडेखोर.
सोयरूने चपला काढता काढता ऐकलं.
"बांदता कोण, रावता कोण, तें देवीक खबर आसा.
म्हणून ती कोणाकच भायर काडिना."

पणजीच्या फॉर्मात 'महत्त्वाचे वन्यजीव' पुढे
दोन ओळी जागा. बिबट्या, गवा, शेकरू
आधीच छापलेले.
मी समासात लिहीत गेले, मग मागच्या बाजूला,
सव्वीस नावं, आणि तीन ज्यांना अजून नाव नाही.
साहेबांनी कागद उलटा केला, सुलटा केला.
"मॅडम, वाघ दिसला असता तर बरं झालं असतं."
खरं सांगायचं तर मलाही वाटलं, दिसला असता तर.
त्याच्या आडोशाने ह्याही राहिल्या असत्या.

शेवटच्या सकाळी कप उपटले, खड्डे मातीने बुजवले.
बॅगेत स्पिरिटच्या बाटल्या किणकिणत होत्या,
प्रत्येकीत एक गाव.
सतराव्या जागी पोचले तर
बुजवलेल्या मातीत पीस उभं होतं, कोंबडीचं,
टोकाला एक थेंब.

मुंगीने आणलं की सोयरूने,
त्या रकान्यात मी अजून काही लिहिलेलं नाही.