खोक्याच्या आतल्या बाजूला

ट्रक दहाला येणार होता,
म्हणजे पहाटे चारला.
वरुडकडच्या संत्र्याच्या शेडमध्ये हे कुणी कुणाला सांगत नाही.
मी एक खोकं उलगडलं
आणि आतल्या कोऱ्या तपकिरी बाजूवर वाट काढली.

मार्कर तोच,
ज्यानं दिवसभर 'मोठा माल', 'चुरी' लिहितो.
सत्तर घरं. चुडामणी नदी काळी,
कारण मार्कर एकच.
पलीकडे सातपुडा, तीन त्रिकोण,
त्यातला एक वाकडा, तेव्हा टेम्पोवाल्या हाफिजला शिंक आली.
सहा चिंचोके फोडले. पांढरी बाजू, काळी बाजू.
बिस्किटाच्या डब्यात बेचाळीस चिठ्ठ्या,
मोजून, मीच लिहिलेल्या.
मुनीम माणूस, मोजल्याशिवाय झाकण लावत नाही.

नियम म्हणाल तर,
चिठ्ठी निघाली की गोष्ट तुझी.
वाघ निघाला तर किती मोठा, जेवलेला की उपाशी,
आणि तू सुटलास कसा,
सगळं तूच सांगायचं.
मग चिंचोके ठरवणार
तुझ्यावर विश्वास ठेवायचा की नाही.

वच्छलाबाईला पहिल्याच डावात वाघ.
पदर खोचून म्हणाल्या,
"म्या म्हटलं, बाप्पा, खाशीन त खाय,
पन आंधी डोक्यावरची पाटी त उतरव."
आणि?
"उतरवली न मंग त्यानं."
पाच पांढरे!
वाघ चार घरं त्यांची पाटी वाहत गेला.

लीलाधर मात्र विहिरीत.
दोर कुठला, गाठ कोणती, पाय कुठल्या कपारीत,
सगळं नीट सांगायचा, डिप्लोमावाला पोरगा,
आणि चिंचोके काळे पडायचे.
चार वेळा बाहेर आला गोष्टीत,
चार वेळा आतच.
"इतकं खरं सांगतो, मंग काहून बुडतो मी?"
"खरं सांगतं म्हून," वच्छलाबाई म्हणाल्या
आणि त्याच्या वाटचा चहा पिऊन टाकला.

दोनच्या सुमाराला हाफिजनं डब्यात हात घातला,
आणि निघाली ती चिठ्ठी माझी नव्हती.

अक्षर नाही. पेन्सिलीनं एक गोल,
गोलात दोन ठिपके.

"घुबड हाये."
"विहिरीतून वर पाह्यते कोनी."
"बटन हाये बे, सदऱ्याचं."
हाफिज बराच वेळ चिठ्ठी उजेडाला धरून होता.
मग त्यानं दोन डोळ्यांच्या एका चंद्राची गोष्ट सांगितली,
जो एका डोळ्यानं झोपतो
आणि दुसऱ्यानं टेम्पोवाल्यांना घाटात वळण दाखवतो.
चिंचोके फेकायचे आम्ही विसरलो.
मी लिहिलेल्या बेचाळीस संकटांपैकी
एकालाही असं कुणी ऐकलं नव्हतं.
मला थोडा राग आला, खरं सांगतो.
मग मानेवर काटा आला, तो रागाचा नव्हता.

सुगंधा धुर्वे तेवढी कोपऱ्यात
संत्री चाळत बसली होती, मान खाली.
कानामागे पेन्सिल.

चारला ट्रक आला. धावपळ, शिव्या, हमाली.
उजाडल्यावर मी टेबल पाहिलं.
चिंचोके होते, डबा होता,
वाट नव्हती.
कुणीतरी घाईत खोकं परत जोडलं,
आठ डझन मोठा माल भरला
आणि पट्टी मारून पाठवून दिलं.

म्हणजे आता कलकत्त्याच्या बाजारात
कुणी अनोळखी माणूस शेवटचं संत्रं उचलेल
आणि तळाशी त्याला नदी दिसेल, काळी,
वाकडा डोंगर, सत्तर घरं,
आणि विहिरीच्या घरात अडकलेलं
बाटलीचं एक झाकण, तेही गेलं असेल सोबत.
त्याला काय वाटेल, कोण जाणे.
त्याची गोष्ट त्यानं सांगावी.

आज रात्री नवं खोकं उलगडलं.
लीलाधर म्हणतो, आता सुरुवातीपासून.
वच्छलाबाई ऐकत नाहीत,
"तू विहिरीतच हायेस, बाप्पा.
फक्त विहीर रेल्वेनं गेली."

डब्यात किती चिठ्ठ्या आहेत,
मी मोजल्या नाहीत.