हातचं न राखता

माझं पोट हातावर आहे, अगदी शब्दशः.
ताल्लिनच्या बंदराजवळ, काचेच्या इमारतीत
तासाच्या बोलीवर मी हात भाड्याने देते.
माणसं बोलतात, मी ते हवेत मांडते
आणि समोर बसलेला उर्मास डोळ्यांनी ऐकतो.

पहिल्याच दिवशी कुणीतरी म्हणालं, क्लाउड.
मी दोन्ही तळव्यांनी ढग केला, मऊ,
आमच्या समुद्रावर नोव्हेंबरभर लोंबतो तसा.
उर्मासने मान हलवली.
बोटांनी एक गोदाम उभं केलं, पंखे फिरवले,
कुलूप लावलं,
आणि भाड्याची पावती फाडून माझ्या हातात दिली.
दुसऱ्याच्या मालकीचं यंत्र, म्हणाला,
यातून पाऊस पडतो तो फक्त बिलांचा.

तेव्हापासून आम्ही शब्द असेच सोलत आलो,
कॅन्टीनमध्ये, एक हात काळ्या पावाला, एक भाषेला.
पॅच म्हणजे ठिगळ, यात वाद नव्हता,
माझ्या कोपरावर तेव्हा एक होतंच.
टेक्निकल डेट म्हणजे आज घाईत उसनं घेतलेलं,
जे पुढे भलताच कुणी फेडतो, बहुतेक रविवारी.
लेगसीला मी वारशाची खूण केली,
बापाचं घड्याळ मुलीच्या मनगटावर बांधतात तशी.
तो हसला. नाही गं,
जे चालतंय, पण कसं ते कुणालाच ठाऊक नाही,
म्हणून ज्याच्याजवळून सगळे चवड्यांवर जातात, ते.
ते त्यानेच लिहिलं होतं, अकरा वर्षांपूर्वी:
हेलसिंकीच्या बोटीचं प्रत्येक तिकीट,
प्रत्येक गाडी, प्रत्येक कुत्रा त्यातून जायचा.

हार्टबीट सोपा निघाला.
दर काही सेकंदांनी एक यंत्र दुसऱ्याला कळवतं,
आहे मी. आहे मी.
छातीवर दोन टिचक्या, अशी आम्ही खूण ठरवली
आणि लिफ्टपाशी भेटलो की
हाय-हॅलोऐवजी तीच करू लागलो.

डिसेंबरातला मंगळवार. तीन वाजून वीस.
लीसबेत, नवी प्रमुख, गोड आवाजाची
(आवाज गोड होता हे त्याला मीच सांगितलेलं),
म्हणाली, तिकिटांची जुनी सिस्टीम आपण सनसेट करतोय.
माझे हात सवयीने निघाले:
आडवं क्षितिज, त्यामागे बुडणारी मूठ.
उर्मासने खिडकीकडे पाहिलं.
बाहेर खरंच मावळत होता, बोटीच्या धुराड्यामागे, केशरी.
छान, असं काहीतरी त्याच्या चेहऱ्यावरून गेलं.

मग ती म्हणाली, काही रिसोर्स मोकळे होतील.
टीम राइट-साइझ करू.
लोकरी मोजा घालून चापट मारावी
तसे हे शब्द कानाला लागतात, म्हणजे लागतच नाहीत.
बाकीच्या नऊ जणांनी माना डोलावल्या.
मला मात्र मोजे घालून बोलता येत नाही.
रिसोर्सला खूण नव्हती. शोधली.
कोळसा? लाकूड? पाणी?
माझे हात हवेत थांबले.
याला लेटन्सी म्हणतात,
विचारलेलं आणि पोचलेलं यांच्या मधला वेळ.
तेवढ्या वेळात तो माझ्याकडे बघत होता.

परवाना घेताना आम्ही लिहून दिलेलं असतं:
पदरचं घालणार नाही, हातचं राखणार नाही,
शब्द नव्हे, अर्थ पोचवीन.
पोचवला.
काम. तुझं. संपलं. शुक्रवारी.
लीसबेत अजून बोलतच होती, प्रवास, संधी, नवं पान.

त्याने विचारलं, आणि ते मी मोठ्याने विचारलं,
त्याच्या जागी उभी राहून, नियमाप्रमाणे:
मला काढताय का?
मला, असं माझा आवाज म्हणाला.
ती म्हणाली, मी त्याला तसं म्हणणार नाही.
मी हातांनी सांगितलं, हो.

शुक्रवारी लिफ्टपाशी भेटला तेव्हा
त्याचे दोन्ही हात खोक्याखाली अडकलेले,
वर कपात खोचलेलं रोपटं.
बोलायला काही उरलंच नव्हतं त्याच्याकडे.
मी छातीवर दोन टिचक्या मारल्या.

लिफ्ट आली, उघडली, गेली.
त्याने खोकं खाली ठेवलं.